एका डिस्कमध्ये दहा खेळ? घेण्याआधी आणि वैतागण्याआधी या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात बहिणीची दोन पोरं सुट्टीला आली. सोलापूरच्या उन्हात सकाळी अकरानंतर पोरांना बाहेर सोडायची सोय नाही. म्हणून माळ्यावरचा जुना निंटेंडो वी (टीव्हीला जोडून, हातातला रिमोट हलवत खेळायचं मशीन) खाली काढला, फडकं मारलं आणि त्याच्यासाठी नवी पेठेतून एक सेकंडहँड डिस्क आणली. कव्हरवर ठळक अक्षरांत 'दहा खेळ', खाली 'चार जण खेळू शकतात'. तिसऱ्या दिवशी धाकट्याने रिमोट गादीवर आपटला. त्या तीन दिवसांत मी जे जे चुकलो ते लिहून ठेवतो.

सगळ्यात मोठी चूक आकड्याला भुलण्याची. ज्यांनी लहानपणी टीव्ही गेम खेळलाय त्यांना '९९९९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटी आठवत असतील. आत खरे खेळ बोटांवर मोजण्याइतके, बाकी त्यांचेच रंग बदललेले भाऊबंद. इतका अनुभव गाठीशी असून मी परत फसलो. याच मशीनसाठी २००६ साली आलेल्या वी स्पोर्ट्स या गेममध्ये पाचच खेळ होते: टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग. त्याच्या ८ कोटींहून जास्त प्रती गेल्या. जपान सोडून बहुतेक ठिकाणी तो मशीनसोबतच मिळायचा हे खरं, पण लोकांनी तो वर्षानुवर्षं खेळला हेही खरंच.

आपल्याकडे चादर घेताना कुणी नक्षीतली फुलं मोजत नाही, उलटून बघतो आणि हातावर तोलतो. इथेही खेळ मोजू नका, हाताच्या हालचाली मोजा. आमच्या डिस्कमध्ये स्नोबोर्ड, मोटारसायकल आणि कार्टिंग म्हणजे रिमोट आडवा धरून डावी-उजवीकडे कलवणे. बॅडमिंटन, टेबल टेनिस, व्हॉलीबॉल म्हणजे झटका देणे. दहाचे चारच उरले. आणि 'चार जण' म्हणजे बहुतेक खेळांत पाळीपाळीने एकच रिमोट फिरवायचा!

आता कर्लिंग. बर्फावर दगड सरकवायचा खेळ. सोलापुरात बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर. पण पोरांनी पाच मिनिटांत त्याला 'बर्फातला कॅरम' म्हणून टाकलं आणि तिथेच डिस्कचं पितळ उघडं पडलं. थोरला कॅरममध्ये पक्का आहे. बोरिक पावडर किती टाकली की स्ट्रायकर किती धावतो हे त्याला हाताने कळतं. त्याने समोरच्याच्या दगडाला अगदी काठावर कट मारला. कॅरममध्ये सोंगटी तिरकी जाते आणि स्ट्रायकर दुसऱ्या अंगाला. इथे समोरचा दगड सरळ मागे गेला, आणि आपला जागेवर थांबला. त्याने परत मारला. तेच. मग मुद्दाम जोर कमी-जास्त करून मारला. तरी तेच.

"मामा, हे फसवायलंय की," तो म्हणाला.

बरोबर होतं पोराचं. टक्कर कुठे झाली याचा हिशेब गेममध्ये केलेलाच नव्हता. लागला की नाही, एवढंच बघत होता. स्वस्तातल्या गेमची खरी खोट ही. चित्रं साधी असली तरी चालतात, वी स्पोर्ट्समधल्या माणसांना तर धड हातही नाहीत. पण आपण जे केलं त्याचा फरक पडला पाहिजे.

झटक्याच्या खेळांचंही तेच. वी रिमोटातला सेन्सर तीन दिशांचा प्रवेग, म्हणजे वेग किती झटक्याने बदलतो ते, मोजतो. हात किती वळला हे सांगणारा जायरोस्कोप मोशनप्लस या जोडणीतून २००९ मध्ये आला. म्हणजे माहिती आधीच कमी. चांगला गेम त्या कमी माहितीतूनही वेळ आणि जोर काढून घेतो: वी स्पोर्ट्सच्या टेनिसमध्ये रॅकेट लवकर फिरवली की चेंडू एका बाजूला, उशिरा फिरवली की दुसऱ्या. आमच्या बॅडमिंटनमध्ये झटका म्हणजे नुसतं बटण. आई शेंगा सोलता सोलता मनगट हलवून जिंकली.

दुसरी चूक याच्या उलट, म्हणजे सगळं डिस्कवर ढकलायचं. पहिल्या संध्याकाळी तिरंदाजीचा बाण पडद्यावर नुसता उड्या मारत होता. मी गेमला शिव्या घातल्या. गुन्हेगार निघाली समई! टीव्हीखालचा सेन्सर बार म्हणजे दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे, बस. कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी असतो आणि तो त्या दिव्यांवरून नेम ओळखतो. आमचं देवघर टीव्हीच्या शेजारीच आहे. समईची ज्योतही इन्फ्रारेड सोडते, त्यामुळे रिमोटाला दोनाऐवजी तीन दिवे दिसत होते. खिडकीतून थेट येणारं ऊन किंवा दिवाळीतल्या जुन्या बल्बच्या माळा हाच घोळ करतात.

म्हणून आधी दोन्ही पेन्सिल सेल बदला. मग सेन्सर बार टीव्हीच्या वर आहे की खाली, ते मशीनच्या सेटिंगमध्ये बरोबर निवडलंय का बघा. त्यानंतर टीव्हीचा गेम मोड चालू करा. वी जास्तीत जास्त ४८०पी, म्हणजे आजच्या मानाने कमी बारकाव्याचं, चित्र देतो आणि नवा मोठा टीव्ही ते गुळगुळीत करत बसतो. त्यात चित्र उशिरा येतं. सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशेबाने १०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ६ फ्रेम, तोवर शटल जमिनीवर. एवढं करून शेजाऱ्यांकडून एखादी चांगली डिस्क मागून त्याच मशीनवर लावा. ती नीट चालली तर दोष तुमच्या डिस्कचा, आणि मग रिमोट उघडून बघण्यात अर्थ नाही.

कुणी नातेवाइकाने अमेरिकेतून मशीन आणलं असेल तर दोन गोष्टी. तिथला अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० च्या प्लगमध्ये थेट लावलात तर जळेल. आणि वीला रिजन लॉक आहे, त्यामुळे इकडची डिस्क तिकडच्या मशीनवर चालत नाही. दुकानदार हे आपणहून सांगत नाही.

मनगटाचा पट्टा बांधाच. डिसेंबर २००६ मध्ये निंटेंडोने सुमारे ३२ लाख पट्टे बदलून दिले होते, ते उगाच नाही.

कॉम्प्युटरवर असला गेम स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातून घेत असाल तर पहिल्या खेळातच अडकून राहू नका. परतावा हवा असेल तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असताना मागावा लागतो. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येक खेळ एकेकदा उघडा, आणि स्पर्धेच्या मोडला हात लावू नका. तिथे बऱ्याचदा एकेक खेळ जिंकल्याशिवाय पुढचा उघडत नाही आणि तास निघून जातात.

आमच्या दुकानदाराने डिस्क परत घेतली नाही. पण तिरंदाजी ठेवण्यासारखी निघाली. तिथे नेम कॅमेऱ्यावर चालतो, झटक्यावर नाही, म्हणून गेम बनवणाऱ्याला फारसं बिघडवताच आलं नाही. फक्त समई शांत होईपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे आमची स्पर्धा रात्री जेवणं झाल्यावर.