पॉलिमर क्ले: गटात काम करताना या चुका टाळा

नावात क्ले असली तरी ही माती नव्हे. पीव्हीसीची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारं प्लॅस्टिसायझर आणि रंग, एवढाच मामला. म्हणून ती हवेवर वाळत नाही, भाजावीच लागते. वस्तू बिघडली की दोष क्लेला दिला जातो. खरा दोष बहुतेक वेळा उष्णतेचा असतो, आणि गटात ओव्हन एकच असल्याने एकाची चूक सगळ्या ट्रेला भोवते.

ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवणं

बटण 130 वर असलं तरी आत 110 असू शकतं किंवा 160 सुद्धा. लहान ओव्हनमध्ये तापमान सारखं वरखाली होतं. आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर घ्या आणि तो वस्तूच्या शेजारी, त्याच उंचीवर ठेवा. ओव्हन रिकामा 20 मिनिटं तापवा, काटा स्थिर झाला की मगच ट्रे आत सरकवा. कॉइलजवळची बाजू आधी करपते, त्यामुळे ट्रे मधोमध हवा आणि वरून फॉइलचा सैल तंबू हवा. पांढरी आणि पारदर्शक क्ले सगळ्यात आधी पिवळी पडते. त्यांना तंबूशिवाय ठेवूच नका.

गटातला नेहमीचा घोळ वेगळाच असतो: एकाच ट्रेमध्ये तीन ब्रँड. फिमोला 110 अंश लागतात, प्रीमोला 135, केटोला 150. फिमोच्या मापाने भाजलं तर केटो कच्ची राहते, केटोच्या मापाने भाजलं तर फिमो तपकिरी होते. ब्रँडप्रमाणे ट्रे वेगळे करा. कमी तापमानाचा ट्रे आधी लावा आणि प्रत्येक ट्रेवर कागदाच्या चिठ्ठीवर नाव, ब्रँड, अंश आणि वेळ लिहून ठेवा. मायक्रोवेव्ह चालत नाही. धूर आणि झोंबरा वास आला तर ओव्हन लगेच बंद करा, खिडक्या उघडा आणि सगळ्यांना बाहेर काढा. जळणाऱ्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो.

वेळ कमी देणं

कानातलं घालताना कट्‌कन तुटलं, तर ते जास्त भाजलं गेलं असं लोक समजतात. बहुधा उलटं असतं. भाजताना पीव्हीसीचे कण प्लॅस्टिसायझर शोषून एकमेकांत मिसळतात; वेळ कमी पडला की ते नुसते चिकटून राहतात. प्रीमोसाठी 6 मिमी जाडीमागे 30 मिनिटं धरा. दर ट्रेमध्ये 2 मिमी जाडीची एक पट्टी ठेवा आणि थंड झाल्यावर वाकवून पाहा. वाकून परत सरळ झाली तर भाजणी पक्की. तुटली तर सगळा ट्रे पुन्हा आत. कच्ची राहिलेली वस्तू दुसऱ्यांदा भाजून सुधारते. करपलेली मात्र गेलीच. (काही स्वस्त प्रकार पूर्ण भाजूनही ठिसूळ राहतात, त्यांच्या पातळ वस्तू करू नयेत.)

भेगा आणि चंद्रकोरी

जाड मूर्ती भरीव करू नका. आत घट्ट चुरगळलेल्या फॉइलचा गाभा द्या आणि वर साधारण 5 मिमीचा थर ठेवा, म्हणजे उष्णता सारखी पोचते. पृष्ठभागाखाली फिकट चंद्रकोरी दिसल्या तर मळताना हवा किंवा ओल अडकली आहे. पास्ता मशीनमध्ये पट्टी घालताना घडीची बाजू आधी घाला, म्हणजे हवा मागून निघून जाते. ते मशीन पुन्हा स्वयंपाकात वापरायचं नाही.

वस्तू थेट टाइलवर भाजली तर खालच्या बाजूला चकचकीत डाग पडतो. मध्ये साधा कागद घाला.

सामायिक टेबलावरचे रंग

लाल आणि काळा हाताला चिकटतात आणि पुढच्या पांढऱ्यात उतरतात. पांढऱ्यापासून सुरुवात, लाल-काळ्याने शेवट असा क्रम ठेवा आणि मध्ये ओल्या वाइप्सनी हात, लाटणं आणि मशीनचे रोलर पुसा. लोकरीचा स्वेटर घालून पांढरी क्ले मळायला बसणारा एक तरी असतोच. पांढऱ्यात रुतलेला तंतू भाजण्याआधी अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने उचलता येतो.

वॉर्निश आणि डबे

नेलपॉलिश किंवा स्प्रे वॉर्निश लावलेली वस्तू पहिल्या दिवशी छान दिसते, मग हळूहळू चिकट होते, कारण त्यातले द्रावक क्लेला मऊ करतात. पाण्यावर आधारित वॉर्निश वापरा. तेही आधी फालतू तुकड्यावर लावून काही आठवडे थांबा. चकाकी नुसत्या घासण्यानेही येते: पाण्यात बुडवून 400, 600, 800, 1000 नंबरचे पॉलिश पेपर क्रमाने फिरवा, मग जीन्सच्या कापडाने चोळा.

उरलेली कच्ची क्ले वाटून घेताना कडक पारदर्शक प्लॅस्टिकची डबी घेऊ नका. पॉलिस्टायरिन, म्हणजे तळाशी त्रिकोणात 6 लिहिलेलं, प्लॅस्टिसायझरमुळे विरघळून क्लेला चिकटतं. 5 नंबरची डबी किंवा साधी पॉलिथिनची पिशवी चालते. कागदात गुंडाळलं तर कागद प्लॅस्टिसायझर शोषतो आणि क्ले भुरभुरते. अशी भुरभुरीत क्ले मिनरल ऑइलचा एक-एक थेंब घालत मळली की परत मऊ होते. उन्हात उभ्या गाडीत राहिलेल्या पाकिटाला मात्र हा उपाय चालत नाही, ती क्ले तिथेच अर्धी भाजलेली असते.