खाटेचा एक कोपरा: विश्वास वाढू लागलाय, आता काय करू?

रविवारी चर्चमध्ये उपासना सुटली की बाहेर सगळ्यांचं सलाम-सलाम चाललेलं असतं. त्यात एखादी तरुण मुलगी नाहीतर नवा सभासद हळूच बाजूला घेऊन विचारतो, "सिस्टर, हल्ली प्रार्थनेत मन लागतंय, शास्त्र वाचावंसं वाटतं. मंडळीत काही काम करू का?" मी नगरची, निवृत्त परिचारिका. मंडळीत आजाऱ्यांच्या भेटीचं काम बघते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. बहुतेकांच्या मनात गाण्याचा ग्रुप किंवा साक्ष देणं, म्हणजे देवाचा आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगणं, असतं. मी त्यांना आधी बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचून यायला सांगते.

कफर्णहूमात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात. दारात गर्दी, म्हणून छप्पर उसकटून खाट खाली सोडतात. येशूनं 'त्यांचा' विश्वास पाहिला, असं तिथं लिहिलंय. ते चौघे काय बोलले, त्यांची नावं काय, काही दिलेलं नाही. आणि चौघे होते हे विसरू नका. नव्या उत्साहात माणूस अख्खी खाट एकटा उचलायला जातो आणि महिन्याभरात दमून घरी बसतो. आजाऱ्याच्या मदतीला जाताना तुम्ही एक कोपरा धरा. उरलेले तीन कोण धरणार ते आधी ठरवा: एकानं डबा, एकानं गाडी, एकानं कागदपत्रं.

सुरुवात एकाच घरापासून करा. पाळकसाहेबांना, म्हणजे पास्टरांना, विचारलंत तर ते आजाऱ्यांच्या घरांची यादी देतील. त्यातलं जवळचं घर घ्या, चालत जाता येईल असं. लांबचं घर पावसाळ्यात सुटतं.

जाण्याआधी आजार काय आहे ते नीट विचारून घ्या. हे मी फार आग्रहानं सांगते, कारण प्रेमानं नेलेली वस्तू घात करू शकते. डायलिसिसवरच्या माणसाला शहाळं नेऊ नका, केळी नेऊ नका. मूत्रपिंड काम करत नसलं की पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. त्यांचं पाणीसुद्धा मोजून असतं, त्यामुळे "घ्या हो थोडा चहा" हाही आग्रह नको. मधुमेह असेल तर ग्लुकोजची बिस्किटं नकोत. काय न्यावं सुचत नसेल तर सोबतच्या माणसासाठी न्या. रुग्णाला निदान खाट असते, त्याची बायको वॉर्डच्या व्हरांड्यात चटईवर असते. तिला मोबाइलचा चार्जर, धुतलेली चादर, गरम भाजी-भाकरी, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे दोन तासांची सुट्टी द्या. "तुम्ही घरी जाऊन अंघोळ करून या, मी बसते." या एका वाक्यानं किती बायकांच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहिलंय मी.

खाटेवर बसू नका, खुर्ची घ्या. खुर्ची नसली तर उभे राहा. सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी फोन करा. फोनची भेट कमी दर्जाची नसते. २०२० साली आमच्या नगरात मुक्तिफौजेच्या (साल्व्हेशन आर्मीच्या) बूथ हॉस्पिटलनं कोविडचे रुग्ण घेतले, तेव्हा घरच्यांना आजाऱ्याजवळ जाता येत नव्हतं. त्या काळात घरी अडकून पडलेल्या नातेवाइकांना रोज ठरल्या वेळी कोणाचा तरी फोन येणं, हाच मोठा आधार होता. फक्त वेळ ठरवली की पाळा.

आता प्रार्थना. आधी विचारा, "प्रार्थना करू का?" नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, बसून राहा. हो म्हणाले तर पुढचा प्रश्न, "देवाकडे काय मागू?" उत्तर बहुतेक वेळा आपल्या अंदाजापेक्षा लहान असतं. पूर्ण बरं होण्याचं सोडून माणूस म्हणतो, रात्री झोप लागू दे. मग तेच मागा: "प्रभू, यांना आज रात्री झोप लागू दे, उद्याची सोनोग्राफी नीट होऊ दे, सुनेला रजा मिळू दे. आमेन." झालं. शेजारच्या खाटेवरही आजारीच माणूस आहे, त्याला तुमचं प्रवचन नको असतं. शास्त्र वाचायचं तर एकशे एकविसावं स्तोत्र वाचा. आठच वचनं आहेत आणि वृद्धांना पाठ असतं, ते बरोबर म्हणू लागतात.

काही वाक्यं मात्र घरी ठेवून जा. "देवाची इच्छा", "काहीतरी पाप असेल", "विश्वास कमी पडतोय". जन्मांधाला पाहून शिष्यांनीही विचारलं होतं की पाप कोणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापांचं? येशूनं दोघांचंही नाही म्हणून सांगितलं. योहानाच्या नवव्या अध्यायात आहे, वाचा. आणि प्रार्थना झाली म्हणून गोळ्या बंद करा असं सांगणारा कोणी भेटला, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

ऐकलेलं बाहेर नेऊ नका. आपल्याकडे 'प्रार्थना विनंती' म्हणून जे व्हॉट्सअॅपवर फिरतं, त्यातलं निम्मं गावगप्पा असतं. "अमक्यांच्या मुलीसाठी विशेष प्रार्थना करा" एवढं टाकलं की संध्याकाळपर्यंत चार घरांत चार कथा तयार. त्या घराला विचारल्याशिवाय नाव टाकायचं नाही.

आता कागदपत्रं. हे कोणाला अध्यात्माचं काम वाटत नाही, मला वाटतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात योजनेच्या कामात रुग्णांना मदत करणारा आरोग्यमित्र बसलेला असतो. त्याला भेटायचं, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवायचं, दोन्हींवर नाव एकसारखं आहे का ते पाहायचं. आपल्या लोकांत हा घोळ हमखास: एकीकडे माहेरचं नाव, दुसरीकडे सासरचं. घाबरलेल्या बाईला रांगेत हे सुधरत नाही. तुम्ही शेजारी उभे राहिलात तरी निम्मं काम होतं.

मयत झाली तर पहिल्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं असतं. तुमची खरी गरज महिना-दीड महिन्यानंतर. तेव्हा बँक, पेन्शन, मृत्यूचा दाखला आणि रिकामी संध्याकाळ असते. त्या वेळी जा. बोलायला काही नसेल तर बोलू नका. बायबलातल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस-सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते चांगले होते. तोंड उघडलं आणि बिघडलं.

दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्यांकडेही जा, पण मदत आणि बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा विधी) यांची गाठ मारू नका. डब्याबरोबर पत्रक देणं मला पटत नाही. भुकेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या 'हो'ला काय किंमत? आमच्या नगर जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० साली. पाच वर्षांचं अंतर, आणि तेही नवरा-बायकोंत! आणि लक्ष्मीबाईंनी तो घेतला तेव्हा स्वतः विचार करून घेतला. मग आपल्याला कसली घाई आहे?

पैशाचं थोडक्यात: पाकीट आजाऱ्याच्या हातात देऊ नका, मंडळीच्या मदतनिधीतून जाऊ द्या. म्हणजे कोणी तुमचा मिंधा राहत नाही.

आणि बरं झालेल्या, निदान सावरलेल्या माणसाला रिकामं ठेवू नका. आमच्या यादीतल्या एक बाई आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. पहिल्यांदा भेटले तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. पुढं एकदा मीच म्हटलं, "चार तास नुसत्या पडून असता, आमचे फोन करा ना." आता डाव्या हाताला सुया, उजव्या हातात फोन. आजाऱ्यांची अर्धी यादी त्यांच्याकडे आहे, आणि दुखणं म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. नवीन माणसांना मी आता त्यांच्याच हाताखाली देते. या कामाला नाव द्यायचं असेल तर या बाईंचा फोन सकाळी दहा ते दोनच्या दरम्यान येईल, उचला. त्या दोनदा करत नाहीत.