एमसील लावायचंय? आधी मीठ धुवा

गेल्या वर्षी चतुर्थीच्या तोंडावर पंपाच्या लोखंडी पाइपाचा सांधा गळायला लागला. चाकरमानी यायचे होते, म्हणून घाईत एमसील, म्हणजे दोन गोळे एकत्र मळून लावायची आणि मग कडक होणारी पुट्टी, थापलं. सकाळी खपली निघावी तसा अख्खा गोळा हातात आला. शेजारचे आबा बघून म्हणाले, "अरे, हंय वाऱ्यात मीठ असता."

पंप बंद, पाइप रिकामा, हे सांगायला नको. गंज तारेच्या ब्रशने काढा, मग खरखरीत पॉलिश पेपर मारा. गुळगुळीत जागेला हे नीट धरत नाही. आता मीठ. मी नुसतं फडक्याने पुसलं होतं, कोरडं दिसलं म्हणून पुढे गेलो. पण मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि कोरडी दिसणारी जागा पुन्हा दमट होते. घासण्याआधी गोड्या पाण्याने धुवा. विहीर मचूळ असेल तर प्यायच्या पाण्याने. घासून झाल्यावर परत धुवा, कारण मीठ गंजाच्या खाचांत दडलेलं असतं. मग पूर्ण वाळवा. पावसाळ्यात सरळ हेअर ड्रायर घ्या.

हातमोजे घाला. न सुकलेल्या एमसीलने अंगावर पुरळ उठू शकतं, आणि एकदा ॲलर्जी जडली की दर वेळी त्रास. पाकिटातले दोन्ही गोळे, रेझिन आणि ते कडक करणारा हार्डनर, सारखे घ्या. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घालणारे महाभाग आहेत, त्यांचं मऊच राहतं. भाकरीच्या पिठासारखं मळा, काळ्या-पांढऱ्या रेघा पार नाहीशा होईपर्यंत. लागेल तेवढंच मळा. मळल्यावर अर्धा तास मिळाला तर मिळाला, मे महिन्यात तोही नाही. प्लास्टिकच्या टाकीवर हे वाया घालवू नका, पॉलिथिनला चिकटत नाही.

थापण्याआधी पुन्हा विचारतो: मीठ धुतलंत? मग दाबून बसवा, ओल्या बोटाने कडा सारखी करा आणि २४ तास पाणी सोडू नका. कुणी कितीही ओरडो.

शोभेच्या वस्तूंचंही असंच. सावंतवाडीच्या लाकडी आंब्याचा देठ तुटला तर आत बारीक तार घाला. जाड काम थरांनी. घासताना मास्क, मग रंग. स्वयंपाकाच्या भांड्यांना नको. उरलेले दोन गोळे वेगवेगळे गुंडाळून ठेवा.