नळाच्या पाण्याला फिल्टर लावायचा का? आधी एवढं बघा

फिल्टर विकणारा येतो, ग्लासात टीडीएस मीटर बुडवतो, ७०० आकडा दाखवतो आणि घरचे घाबरतात. घाबरू नका. तो आकडा फक्त विरघळलेल्या क्षारांचा असतो. जंतू आहेत का, फ्लोराइड किती, हे मीटरला कळतच नाही. भारतीय मानकानुसार टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालतो.

पहिलं काम म्हणजे पाणी कुठून येतं ते विचारा. धरणावरच्या योजनेचं, विहिरीचं की बोअरचं? अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारट लागतं. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत जमिनीखाली फ्लोराइड आहे आणि त्याला ना चव ना वास. विहिरीलगत उकिरडा असेल तर नायट्रेटची शंका घ्या.

मग घरात बघा. तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो? पाणी जड आहे. त्याने त्रास होतो, पण तेवढ्यावरून पाणी घातक ठरत नाही. गावातल्या बऱ्याच मुलांच्या पक्क्या दातांवर तपकिरी पट्टे दिसले, तर मात्र फ्लोराइडची तपासणी टाळू नका.

तपासणीसाठी ग्रामपंचायतीत जा. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी तपासणी किट दिलेत आणि ते वापरायला गावातल्याच बायकांना शिकवलंय. जंतू तपासायच्या बाटलीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवतात. काळं पडलं की पाणी दूषित समजायचं. रिपोर्टमध्ये फ्लोराइड लिटरला १.५ आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या आत आहे का, तेवढं आधी शोधा. किटमध्ये काही खटकलं तर नमुना प्रयोगशाळेत पाठवायला सांगा.

आता निर्णय. नुसते जंतू असतील तर आरओची (बारीक पडद्यातून दाबाने पाणी गाळून क्षार काढणाऱ्या फिल्टरची) गरज नाही. गढूळ पाणी तुरटीने निवळा, गाळा, खळखळ उकळा किंवा मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण) टाकून अर्धा तास थांबा. नळाला टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) वास येतो म्हणून कुरकुर करतात लोक, पण तो वास असलेलाच बरा. झाकलेल्या माठात रात्रभरात उतरतो. फ्लोराइड, नायट्रेट किंवा खारटपणा जास्त असेल तर उकळून काही होत नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. तिथे आरओ घ्या, नाहीतर प्यायला आणि स्वयंपाकाला दुसऱ्या चांगल्या स्रोताचं पाणी आणा. नायट्रेट जास्त असलेलं पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात अजिबात घालू नका.

आरओ घेताना दोन गोष्टी विचारा. कॅण्डल-मेम्ब्रेन (आतली गाळणी आणि पडदा) बदलायला माणूस तालुक्याहून वेळेवर येईल का? आणि लिटरभर पाण्यामागे वाया जाणारं दोन-तीन लिटर पाणी कुठे सोडणार? ते संडासात, अंगण धुवायला वापरा. ते खारं पाणी भाजीच्या वाफ्याला मात्र देऊ नका.