क्वाड बाईकचे ब्रेक पॅड लवकर झिजतात तेव्हा : नव्याने गॅरेजमध्ये येणाऱ्यांसाठी

छत्रपती संभाजीनगर आणि आसपासच्या भागात दुचाकीची डिस्क खोलून बसवणारे हात कमी नाहीत. वाळूजला 1985 पासून दुचाक्या तयार होत आहेत आणि आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा ट्रेड करून निघणारी मुले दरवर्षी या कामात येतात. क्वाड बाईकचे, म्हणजे चार रुंद टायरांच्या, हँडलने चालणाऱ्या गाडीचे काम मात्र त्यांच्यासमोर अचानक येते, कारण ही गाडी कृषी पर्यटन केंद्रे, रिसॉर्ट आणि शेतघरे येथेच चालते, रस्त्यावर दिसत नाही आणि तिचे शिक्षण कोणी वेगळे देत नाही. अशा गाडीची जी तक्रार सर्वाधिक वेळा येते ती म्हणजे नवे पॅड टाकले आणि थोड्याच दिवसांत संपले. नवशिका मेकॅनिक लगेच पॅडच्या दर्जाला दोष देतो आणि अधिक महाग पॅड बसवतो. माझ्या अनुभवात मराठवाड्यातील गाड्यांच्या बाबतीत हा दोष पॅडचा क्वचितच असतो. बहुतेक वेळा ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला टेकून राहतो आणि गाडी चालत असेपर्यंत घासत राहतो.

याचे मूळ आपल्या मातीत आहे. काळ्या मातीतील चिकणमातीचा अंश पाणी शोषून फुगतो आणि वाळला की आकसून दगडासारखा होतो; उन्हाळ्यात शेतात ज्या भेगा पडतात त्या याच कारणाने. क्वाडचे रुंद, कमी हवेचे टायर हा चिखल उचलून थेट कॅलिपरवर, म्हणजे पॅड धरून ते डिस्कवर दाबणाऱ्या भागावर फेकतात. पावसाळ्यात गाडी संध्याकाळी चिखलासह उभी केली आणि दोन दिवस ऊन पडले, की कॅलिपर आणि रिमच्या मधली माती अक्षरशः विटेसारखी बसते. उन्हाळ्यात त्याउलट मुरमाचा फुफाटा असतो. तो कॅलिपरमध्ये घट्ट बसत नाही, पण पॅड आणि डिस्कच्या मध्ये शिरून दोन्ही खरवडतो. त्यामुळे तक्रार एकच असली तरी ती जुलैत आली आहे की एप्रिलमध्ये, हे आधी विचारावे.

गाडीची रचनाही लक्षात घ्यावी लागते. अनेक लहान क्वाडना मागे अखंड अ‍ॅक्सल असतो आणि त्यावर एकच डिस्क, एकच कॅलिपर असतो, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांचा ब्रेक एकाच जोडीच्या पॅडवर येतो. ती डिस्क जमिनीच्या जवळ असल्यामुळे दगड लागून वाकते, आणि अ‍ॅक्सलच्या बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) आला असेल तर डिस्क डुलू लागते. डुलणारी डिस्क पॅडना सतत धक्के देते. लिव्हरचा प्रवास वाढतो आणि पॅड तिरपे झिजतात. म्हणून पॅड काढण्याआधी मागची बाजू जॅकवर घेऊन अ‍ॅक्सल दोन्ही हातांनी वरखाली हलवून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

आता मुख्य काम. जुने पॅड काढताना कोणता आतला, कोणता बाहेरचा, कोणत्या चाकाचा, हे त्यांच्या पाठीवर मार्करने लिहावे आणि नवे पॅड बसेपर्यंत ते फेकू नयेत. एका पिस्टनच्या तरंगत्या कॅलिपरमध्ये पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून संपूर्ण कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला ओढून घेतो. आतला पॅड फार झिजलेला आणि बाहेरचा जवळजवळ शाबूत असेल, तर पिस्टन मागे येत नाही किंवा कॅलिपर सरकतच नाही, असे समजावे. बाहेरचा जास्त झिजला असेल, तर कॅलिपर सरकून आत आला आणि तिथेच अडकला. दोन्ही सारखेच पण लवकर संपले असतील, तर पिनांकडे वेळ घालवण्याआधी मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग), चालवणाऱ्याची सवय आणि फुफाटा यांचा विचार करावा. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर तो तापला आहे; त्यावर खोल, समांतर चरे असतील तर मुरूम शिरला आहे.

खुलताबादकडच्या एका पर्यटन केंद्राची क्वाड पावसाळ्याच्या शेवटी माझ्याकडे आली तेव्हा ती चालवणाऱ्या मुलाचे पहिले वाक्य होते, “उस्ताद, मागच्या वेळचे पॅड डुप्लिकेट होते का?” कॅलिपर सोडवला तर वरची पिन बोटाने सहज सरकत होती आणि खालची हलतही नव्हती. खालच्या पिनेवरचे रबरी बूट, म्हणजे माती अडवणारे आवरण, एका बाजूने फाटलेले होते, त्यातून काळी माती आत गेली होती आणि आधीच्या ग्रीसमध्ये मिसळून तिचा घट्ट, चकचकीत लेप झाला होता. पिन पकडीने फिरवत फिरवत बाहेर काढावी लागली. पॅड एका टोकाला पूर्ण पत्र्यापर्यंत गेला होता आणि दुसऱ्या टोकाला अर्ध्याहून अधिक शिल्लक होता. हा तिरपेपणा मुलाला दाखवला, आणि पॅडच्या किमतीच्या मानाने अगदी किरकोळ असलेले बूट बदलून तक्रार संपली.

सगळेच दोष असे डोळ्यांनी दिसत नाहीत. चाक हाताने जड फिरत असेल तर त्यासाठी एक चाचणी प्रत्येकाने शिकलीच पाहिजे. चाक जमिनीपासून उचलावे, ब्रेक दाबून सोडावा आणि चाक जड आहे याची खात्री करून घ्यावी. मग एअर काढायच्या निपलला नळी लावून तो किंचित सैल करावा. थोडे ऑइल दाबाने बाहेर येऊन चाक लगेच मोकळे झाले, तर कॅलिपर निर्दोष आहे आणि दाब वरच कुठेतरी अडकून राहतो आहे. निपल उघडूनही चाक जडच राहिले, तर दोष कॅलिपरमध्ये म्हणजे पिस्टन, सील किंवा पिनांमध्ये आहे. पहिल्या प्रकारात निपल पुन्हा बंद करून, ब्रेक पुन्हा दाबून, यावेळी मास्टर सिलिंडरजवळचा पाइपचा बोल्ट सैल करून पाहावा. तिथे चाक मोकळे झाले तर दोष मास्टर सिलिंडरचा. तिथे न होता फक्त कॅलिपरकडे होत असेल तर होजच्या (ऑइलच्या रबरी नळीच्या) आतले रबर फुगून वाट अडली आहे. ही चाचणी येत नसलेला माणूस अंदाजाने एकामागून एक सुटे भाग बदलत जातो आणि गिऱ्हाइकाचे पैसे जातात. ब्रेक ऑइल रंग खाते, म्हणून पेट्रोलच्या टाकीवर आणि फेंडरवर कपडा टाकूनच हे करावे.

मास्टर सिलिंडरमध्ये एक अतिशय बारीक छिद्र असते, ज्यातून ब्रेक सोडल्यावर ऑइल परत ब्रेक ऑइलच्या टाकीत येते. ते गाळाने बुजले, किंवा लिव्हरला किंचितही मोकळा प्ले न ठेवल्यामुळे पिस्टन पूर्ण मागे आला नाही, तर दाब सुटत नाही. झिजलेल्या पॅडवर टाकी काठोकाठ भरण्याची सवयही घातक आहे, कारण तापल्यावर ऑइलला फुगायला जागा उरत नाही. हँडब्रेकची केबल अतिशय ताणलेली असणे आणि लिव्हरचे पार्किंग लॉक तसेच ठेवून गाडी चालवणे, ही कारणे तर दोन मिनिटांत कळतात.

साफसफाईत घाई करू नये. वाळलेली माती स्क्रू ड्रायव्हरने उकरली तर पिस्टनचे बूट फाटते; पाण्याने भिजवून, मऊ ब्रशने ती काढावी. कॉम्प्रेसरची हवा मारून पॅडची भुकटी उडवू नये, ती श्वासात जाते; ब्रेक क्लीनर वापरावा आणि मास्क लावावा. पिनांना नेहमीचे पिवळे ग्रीस लावले तर रबर फुगते, तिथे सिलिकॉनचे ब्रेक ग्रीसच हवे. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्याच प्रतीचे घालावे. डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान 230 अंश सेल्सिअस असतो, पण ते हवेतील ओल शोषते आणि ओल मुरल्यानंतरची मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येते; शिवाय ती ओल पिस्टन आणि सिलिंडर गंजवते, आणि गंजलेला पिस्टन मागे येत नाही. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलावे, मग ते स्वच्छ दिसत असले तरी.

पॅडची निवड या सगळ्यानंतर येते. चिखलात ऑरगॅनिक (तंतू आणि राळेचे) पॅड लवकर झिजतात, सिंटर्ड (धातूची भुकटी तापवून घट्ट केलेले) पॅड जास्त टिकतात, पण ते डिस्कवर कठोर असतात. म्हणून डिस्कवर कोरलेली किमान जाडी मायक्रोमीटरने तपासल्याशिवाय सिंटर्ड पॅड सुचवू नयेत. नवे पॅड बसल्यावर मोकळ्या जागेत मध्यम वेगातून हळूहळू बरेच ब्रेक मारावेत आणि मध्ये डिस्क थंड होऊ द्यावी.

शेवटी गाडी देताना चालवणाऱ्याशी बोलावे. पर्यटक अंगठ्याने थ्रॉटल दाबून ठेवतात आणि त्याच वेळी भीतीने ब्रेकही दाबतात. उतारावर संपूर्ण वेळ लिव्हर हातात धरतात. केंद्रातील मुलांनी फेरीपूर्वी दोन वाक्यांत हे समजावून सांगितले, आणि पावसाळ्यात दररोज संध्याकाळी माती ओली असतानाच कमी दाबाच्या पाण्याने कॅलिपर धुतले, तर तेच पॅड पुष्कळ जास्त चालतात. जास्त दाबाचा वॉशर मात्र बूटवर रोखू देऊ नका, कारण त्याच्या जोराने पाणी आणि गाळ थेट पिनेपर्यंत जातो.