एअर रायफलचा ग्रुप फुटत होता, तो असा आवळला

इंदूरला रेंजवर माझ्या १० मीटर एअर रायफलचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर छर्र्यांच्या भोकांचा पुंजका, फुटायला लागला. टेकूवर ठेवूनही एक छर्रा दहात, पुढचा आठात, दिशा ठरलेली नाही. ग्रुप एका बाजूला सरकला असता तर डायऑप्टर (डोळ्याजवळची, नेम धरायची साइट) फिरवून भागलं असतं. हा पसरत होता. हा फरक आधी ओळखा. ४.५ मिमी छर्र्यांचा लॉट बदलला, नळी साफ केली, फरक शून्य. दहाचं वर्तुळ जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. अगदी मेटाकुटीला आलो होतो.

दोष निघाला दस्त्याच्या (रायफलचा लाकडी भाग) स्क्रूंत. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड उन्हाळ्यात आकसलं आणि पकड गेली. नळी धरून दस्ता हलवला की सांध्यावर ठेवलेल्या बोटाला बारीकशी हालचाल लागत होती.

आधी नळी रिकामी असल्याची खात्री करा, हवेचं सिलिंडर काढा. दोन्ही स्क्रू सैल करून अ‍ॅक्शन (नळी जोडलेला यांत्रिक भाग) दस्त्यात सरळ बसवा, स्क्रू हातानेच टेकवा. मग टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, इंदूरच्या सियागंज बाजारात मिळतो) आलटून पालटून, थोडं थोडं, पुस्तिकेतल्या मापापर्यंत आवळा. अंदाजाने मुळीच नको, लाकूड चिरतं. नंतर साइटचे क्लॅम्प घट्ट आहेत का बघा. टेकूवरून पाच-पाच छर्र्यांचे ग्रुप घ्या. ग्रुप आवळल्यावरच डायऑप्टरला हात लावा.

आता पाचही छर्रे एकाच भोकात जातात. पावसाळा लागला की आणि सरला की स्क्रू पुन्हा तपासतो.