बंद करून लावलं की रॅम एरर: जुन्या स्लॉट मशीनच्या बोर्डचा माझा अनुभव

चालू असेपर्यंत मशीन ठणठणीत. बंद करून पुन्हा लावलं की रॅम एरर आणि सगळी सेटिंग्ज पुसलेली. सेटिंग्ज रॅम या मेमरी चिपमध्ये असतात आणि मशीन बंद असताना बोर्डवरची बॅटरी त्या टिकवून ठेवते. म्हणून ३.६ व्होल्टची नवी निकेल-कॅडमियम बॅटरी टाकली, रॅम चिप बदलली, फरक शून्य. डोकं पार उठलं होतं.

मग मशीन बंद ठेवून मीटर लावला. बॅटरीवर ३.६ व्होल्ट, पण ६११६ रॅमच्या २४ नंबरच्या पिनवर (चिपला वीज मिळते ती; ग्राउंड १२ नंबर) जेमतेम ०.४. डेटा धरून ठेवायला या चिपला किमान २ व्होल्ट लागतात. म्हणजे ट्रॅक, बोर्डवरची वीज वाहणारी तांब्याची रेघ, मध्येच कुठेतरी तुटलेला.

आधी प्लग काढला, बोर्ड बाहेर घेतला, बॅटरी उतरवली. जुन्या बॅटरीतून गळलेला द्रव अल्कली असतो, म्हणून हिरवट डागांवर ब्रशने पांढरं व्हिनेगर, मग डिस्टिल्ड पाणी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. बोर्ड पूर्ण सुकवला. हिरवा थर खरवडल्यावर डायोडपाशी (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) ट्रॅकचा काळा भुगा निघाला. डायोडच्या कॅथोडपासून (पट्टी असलेलं टोक) थेट पिन २४ पर्यंत बारीक इन्सुलेटेड वायर सोल्डर केली, बॅटरी परत बसवली. बंद मशीनमध्ये पिनवर आता ३.१ व्होल्ट.

रॅम क्लिअर करून सेटिंग्ज भरली. रात्रभर बंद ठेवूनही टिकली.

साधा, रिचार्ज न होणारा लिथियम सेल लावायचा मोह झाला, तर बोर्डवरून बॅटरीला जाणारी चार्जिंगची लाइन आधी तोडा. तो सेल चार्ज करायचा नसतो, फुटू शकतो.